गांगह्वाचे सागरी किल्ले: आधी ओहोटीची वेळ बघा, मग निघा

कोरियात फिरायला येणारी आपली माणसं सोलचे राजवाडे बघतात, बाजारात फिरतात, वेळ असला तर उत्तर कोरियाच्या सीमेवरची सहल करतात आणि परत जातात. सोलपासून दीड-दोन तासांवर, हान नदी समुद्राला मिळते तिथं, गांगह्वा नावाचं बेट आहे. फ्रान्स, अमेरिका आणि जपान या तिघांनी दहा वर्षांच्या आत इथल्या किल्ल्यांवर हल्ले केले. ज्याला किल्ल्यांची ओढ आहे त्यानं हे बेट चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी नोकरीमुळे इंचॉनला राहते आणि गांगह्वाला पाच वेळा जाऊन आले आहे. पहिल्या खेपेला जवळपास सगळंच चुकलं. उत्तरेच्या टोकापासून सुरुवात केली, संग्रहालयात दुपार घालवली आणि मुख्य किल्ल्यावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. खाडी काठोकाठ भरून निवांत पडली होती. जी जागा पाण्याच्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे तिथं मला काहीच ऐकू आलं नाही. परतीची बस डोळ्यांसमोरून गेली आणि पुढचा तासभर थांब्यावर कुडकुडत उभी राहिले. पुढं आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा मात्र दिवस नीट आखला होता. तोच आराखडा खाली देते आहे.

1. आधी कल्पना नीट करून घ्या

सिंधुदुर्ग किंवा मुरुड-जंजिरा मनात धरून गेलात तर पहिली दहा मिनिटं निराशेत जातील. इथं पाण्यातून उठलेला एक प्रचंड कोट नाही. गांगह्वा आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सुमारे 20 किलोमीटर लांबीची चिंचोळी खाडी आहे. तिचं नाव यॉमहा, म्हणजे खारी नदी. रुंदी कुठं किलोमीटरभर, तर कुठं जेमतेम दोन-तीनशे मीटर. या खाडीच्या काठानं लहान-लहान ठाण्यांची साखळी उभी केली आहे. ती साखळी म्हणजेच किल्ला. आपल्या गिरिदुर्गांच्या वाटेवर मेटं असतात, तशी ही पाण्याच्या वाटेवरची मेटं.

फलकांवर तीन शब्द वारंवार भेटतील. ‘जिन’ म्हणजे मोठं लष्करी ठाणं, ‘बो’ म्हणजे त्याहून लहान ठाणं, आणि ‘दोनदे’ म्हणजे उंचवट्यावरचा दगडी तटाचा सुटा बुरूज, ज्यात थोडे सैनिक आणि काही तोफा मावतात. 1679 मध्ये राजा सुकजोंगच्या काळात असे 48 दोनदे बेटाभोवती बांधले गेले आणि पुढं आणखी काहींची भर पडली. एवढा खटाटोप कशासाठी? गांगह्वा हा राजाचा शेवटचा आसरा होता. मंगोलांची स्वारी आली तेव्हा गोर्यॉ राज्यानं 1232 मध्ये राजधानीच इथं हलवली आणि 1270 पर्यंत ती इथंच राहिली. घोड्यावरच्या सैन्याला ही खाडी ओलांडणं जमलं नाही. 1637 मध्ये मांचूंनी मात्र बेट घेतलं, आणि त्या धड्यातून पुढची तटबंदी उभी राहिली. शिवाय सोलला जाणारं प्रत्येक गलबत याच खाडीतून जायचं. खाडी अडली की राजधानीचं धान्य अडलं.

मी सांगते आहे तो एक दिवस तीन ठाण्यांचा आहे: चोजीजिन, दॉकजिनजिन आणि ग्वांगसाँगबो. दक्षिणेकडून उत्तरेकडे, याच क्रमानं. 1871 साली अमेरिकेचे सैनिक उतरले ते याच क्रमानं पुढं सरकले. उलट्या बाजूनं गेलात तरी दगड तेच दिसतील, पण गोष्ट उलटी कळेल.

2. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर कोरियाच्या मुख्य भूमीत यायला व्हिसा लागतोच. महाराष्ट्र-गोव्यातल्यांसाठी मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. अर्ज नेमका कुठं द्यायचा आणि सध्याची यादी काय आहे, ते त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. आई-बाबांच्या वेळी आम्ही जमवलेली कागदपत्रं अशी:

- किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- भरलेला अर्ज आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा नवा फोटो
- बँकेचा शिक्क्यासह खातेउतारा
- आयकर विवरणपत्रांच्या प्रती
- नोकरीचं किंवा व्यवसायाचं प्रमाणपत्र. निवृत्तांना पेन्शनची कागदपत्रं
- दिवसवार कार्यक्रम, राहण्याची सोय आणि एक साधं, मुद्देसूद विनंतीपत्र

इथं तीन सापळे आहेत. पहिला ‘के-ईटीए’ नावाच्या ऑनलाइन परवानगीचा. ती व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी असते. भारतीय पासपोर्टवाल्याकडून कोणी तिचे पैसे मागत असेल तर ते बुडाले म्हणून समजा. दुसरा सापळा जेजू बेटाचा. तिथं थेट उतरणाऱ्यांना व्हिसा लागत नाही हे ऐकून लोक तिकिटं काढतात, पण त्या सवलतीवर जेजूहून सोल किंवा गांगह्वाला येता येत नाही. तिसरा, येण्याआधी भरायच्या ऑनलाइन आगमन-पत्राचा. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.

किल्ल्याच्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. बेटाच्या उत्तर भागात सैन्याच्या चौक्या आहेत आणि तिथं तो दाखवावा लागतो.

3. भरती-ओहोटी बघून दिवस ठरवा

ही पायरी कोणत्याच सहलपत्रकात नसते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

इंचॉनच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक जवळजवळ 9 मीटरपर्यंत जातो. मुंबईच्या उधाणाच्या साधारण दुप्पट. एवढं पाणी त्या चिंचोळ्या खाडीतून दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. ओहोटीला काठावर करडा, चकचकीत, मांडीएवढा चिखल उघडा पडतो, आणि भरती चढू लागली की खाडी डोंगरातल्या नदीसारखी धावते. किल्ल्यांच्या जागा या पाण्याकडे बघूनच निवडलेल्या आहेत. तट नुसता बघितला आणि पाणी बघितलं नाही, तर अर्धा किल्ला बघायचा राहिला.

म्हणून असं करा. भरती-ओहोटी दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर इंचॉनच्या वेळा काढा. खाडीत त्या थोड्या मागं-पुढं होतात, पण आराखड्यापुरत्या चालतात. ओहोटीची वेळ सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येईल असा दिवस निवडा. ओहोटीच्या सुमाराला चोजीजिनला असा, म्हणजे चिखल दिसेल. तिथून पुढं साधारण तीन तासांनी, प्रवाहाचा जोर सर्वांत जास्त असताना, ग्वांगसाँगबोच्या टोकावर पोचा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे एक-दोन दिवस मिळाले तर फार चांगलं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी मंद राहतं.

ऋतू म्हणाल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. जुलैत इथला पावसाळा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी खाडीवरचा वारा कानटोपीतूनही आत शिरतो, ज्येष्ठांना घेऊन तेव्हा जाऊ नका. चुसॉक (सुगीचा सण) आणि चांद्र नववर्षाच्या सुट्ट्यांत बेटाच्या दोन्ही पुलांवर गाड्यांची रांग लागते, ते दिवसही टाळा. संग्रहालय बघायचं असेल तर सोमवार नको.

4. बेटावर पोचायचं कसं

बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे दोन पूल आहेत. उत्तरेकडचा गांगह्वा पूल, जो बेटाच्या मुख्य गावाकडे नेतो, आणि दक्षिणेकडचा चोजी पूल, जो थेट चोजीजिनजवळ उतरवतो. बहुतेक परदेशी पाहुणे पहिल्या पुलानं जातात, कारण गांगह्वा बस टर्मिनल तिकडे आहे. माझीही पहिली चूक तीच होती. तुम्हाला दक्षिणेचा पूल हवा आहे.

सोलहून गिंपो विमानतळ स्थानकापर्यंत मेट्रोनं या, तिथून गिंपो गोल्डलाइन नावाची छोटी मेट्रो घ्या आणि पुढं बस. सकाळी कामाच्या वेळेला या गोल्डलाइनमध्ये आपल्या लोकलसारखी गर्दी असते, पण ती सोलकडे जाणारी. तुम्ही उलट दिशेला निघालेले असाल, त्यामुळे बसायला जागा मिळते. बसचे क्रमांक आणि वेळा बदलत राहतात, म्हणून इथं देत नाही. आदल्या रात्री ‘नेव्हर मॅप’ किंवा ‘काकाओ मॅप’ यांपैकी एकात चोजीजिन टाकून त्या दिवसाचा मार्ग बघा. गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका. पायी रस्ता दाखवण्यात ते कोरियात फार कमी पडतं.

तिघं-चौघं असाल तर शेवटच्या मेट्रो स्थानकापासून टॅक्सी परवडते. आई-बाबांना मी तशीच नेलं. भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणला असेल तर भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची, फक्त इथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची असते.

सोबत काय घ्यायचं:

- बस-मेट्रोच्या भाड्यासाठी टी-मनी कार्ड, कोणत्याही किराणा-कम-सुविधा दुकानात मिळतं. त्यात पैसे रोखीनं भरावे लागतात, म्हणून थोडे वॉन जवळ हवेत. बसमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टेकवायचं.
- तिन्ही ठाण्यांची कोरियन लिपीतली नावं फोनमध्ये. टॅक्सीवाल्याला दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.
- घट्ट तळव्याचे बूट, पाणी, टोपी, आणि उन्हाळा सोडून कोणत्याही ऋतूत वारा अडवणारं जाकीट.
- दुर्बीण असेल तर जरूर. गांगह्वाचा चिखलपट्टा हे काळ्या तोंडाच्या चमचाचोच पक्ष्यांचं वीण-ठिकाण आहे आणि 2000 पासून संरक्षित आहे.

ड्रोन आणू नका. हा सीमाभाग आहे. काठानं काटेरी तार आणि मध्येच पहाऱ्याच्या चौक्या दिसतील. त्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि तारेपलीकडे चिखलात उतरायचं नाही.

5. पहिलं ठाणं: चोजीजिन

तिकीट किरकोळ असतं. पुढची ठाणीही बघायची आहेत असं खिडकीवर सांगा आणि एकत्रित तिकीट मिळतं का ते विचारा.

आत शिरल्यावर ‘एवढंच?’ असं वाटेल. एक गोलसर दगडी बुरूज, पाच मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण. 1656 मध्ये इथं ठाणं बसवलं गेलं. आज दिसतो तो तट 1973 च्या जीर्णोद्धारातला आहे. 1875 मध्ये जपानच्या उन्यो या युद्धनौकेशी इथून गोळागोळी झाली आणि ठाण्याची दुर्दशा झाली. त्या प्रसंगाचा धाक घालून जपाननं 1876 चा गांगह्वा तह करवून घेतला आणि कोरियाची बंदरं उघडली. 1910 मध्ये हा देश जपाननं पूर्ण गिळला, त्याची सुरुवात अनेक कोरियन माणसं याच तटापासून मोजतात.

तटाबाहेर सुमारे 400 वर्षांची पाइनची झाडं आहेत. बहुतेक लोक त्यांच्या सावलीत बसून पाणी पितात आणि निघतात. तुम्ही खोडाकडे बघा. तोफगोळ्याचा घाव पांढऱ्या रंगानं खूण करून दाखवला आहे, तसाच तटाच्या दगडावरही. आईनं चष्मा पुसून खोडाशी तोंड नेलं. घावाच्या कडेनं साल आत वळली होती, जुन्या जखमेची कड वळते तशी. विजयदुर्गच्या तटावर गोळ्यांच्या खुणा बाबांनी लहानपणी मला दाखवल्या होत्या. दगडावरची खूण होती तशीच राहते, झाडाची मात्र त्यानंतरही वाढत राहिलेली असते. आई बराच वेळ तिथून हलली नाही.

बुरुजातली तोफही बघून घ्या. तिला होंगईपो म्हणतात, म्हणजे ‘लाल परक्यांची तोफ’. चीनमध्ये डच लोकांना दिलेल्या नावावरून आलेला शब्द. तिचा गोळा भरीव लोखंडाचा, फुटायचा नाही. समोरून येणारे गोळे फुटणारे होते. पुढच्या दोन ठाण्यांवर काय झालं ते कळायला एवढा फरक लक्षात ठेवा.

मग तटाच्या टोकाशी उभं राहून खालचा चिखल बघा. 10 जून 1871 ला रिअर ॲडमिरल जॉन रॉजर्सच्या आरमारातले सुमारे 650 सैनिक याच भागात उतरले. तोफा ओढताना चिखलात रुतत होते, असं त्यांच्याच नोंदी सांगतात. ओहोटीला आलात तर हे वेगळं समजवावं लागत नाही.

6. दुसरं ठाणं: दॉकजिनजिन

चोजीजिनपासून इथं आणि इथून ग्वांगसाँगबोला, मिळून पाच-सहा किलोमीटर भरतं. काठानं चालायची खुणा केलेली वाट आहे. बेटाच्या उत्तर बाजूच्या गाप्गोतपासून चोजीजिनपर्यंतच्या 17 किलोमीटरच्या पदयात्रेचाच हा तुकडा. पायात जोर असेल तर चाला. एका बाजूला भातखाचरं, दुसरीकडे चिखल, मध्ये तुम्ही. नसेल तर बस, पण ती क्वचित येते, वेळ आधी बघून ठेवा.

दॉकजिनजिन मला तिघांत सगळ्यात शांत वाटतं. वेशीवरचा लाकडी माळा ओलांडून आत गेलं की दक्षिणेकडची तोफांची फळी दिसते. चंद्रकोरीसारखा वळलेला तट आणि त्यात ओळीनं तोफांच्या खिडक्या. खाडीवरून ही फळी फारशी दिसत नाही, अगदी समोर आल्यावर कळते. ज्यानं जागा निवडली त्याची नजर सुभेदाराची असणार.

खाली पाण्याच्या कडेला एक साधा उभा दगड आहे. चुकवू नका, तो या ठाण्याचा जीव आहे. 1867 मध्ये, बालराजाचे वडील आणि खरे सत्ताधारी देवॉनगुन यांच्या हुकमानं तो रोवला. त्यावर चिनी अक्षरांत कोरलं आहे: समुद्राच्या दाराची राखण करा, परदेशी जहाजांनी पुढं येऊ नये. एक वर्ष आधी, 1866 मध्ये, कॅथलिक धर्मोपदेशकांना दिलेल्या देहदंडाचं निमित्त करून फ्रेंच आरमार आलं होतं. त्यांनी गांगह्वा गावातलं राजग्रंथालय लुटलं. तिथून नेलेले राजसमारंभांच्या नोंदींचे 297 खंड 2011 मध्ये कोरियात परतले, तेही मालकीनं नाही, मुदतीच्या करारावर. दगडावरची ती ओळ वाचताना हा संदर्भ मनात ठेवा.

7. तिसरं ठाणं: ग्वांगसाँगबो

इथं दोन तास राखून ठेवा. वेळ कमी पडणार असेल तर आधीच्या दोन ठाण्यांमधून कापा, इथून नको.

वेशीचं नाव आन्हेरू, समुद्राला शांत करणारा माळा. आत पाइनच्या झाडीतून चढणारी रुंद, सोपी वाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही हळूहळू जमते. सेनापती ऑ जे-यॉन 1871 मध्ये इथल्या फौजेचे प्रमुख होते. हाताखाली शिबंदी होती आणि डोंगरातून बोलावलेले वाघांचे शिकारीही. 11 जूनला अमेरिकी सैन्य जमिनीवरून आलं आणि जहाजांनी खाडीतून गोळे टाकले. कोरियन सैनिकांच्या अंगात कापसाच्या कापडाचे 30 थर शिवून केलेलं चिलखत होतं. फ्रेंचांशी लढल्यानंतर बंदुकीच्या गोळीला अडवण्यासाठी ते मुद्दाम तयार केलं होतं. आपल्याकडच्या दगल्याची आठवण व्हावी असं. जूनचा उकाडा, तीस थरांचं कापड, आणि फुटणाऱ्या गोळ्यांच्या ठिणग्यांनी ते पेट घ्यायचं. हे वाचल्यापासून मी त्या चढावर जाकीट काढून हातात घेते.

अमेरिकी नोंदीप्रमाणे किल्ल्यात आणि भोवती 243 कोरियन मृतदेह मोजले गेले. अमेरिकेचे तीन जण गेले.

वाटेत एका छपराखाली दोन शिलालेख आहेत, ते ऑ जे-यॉन आणि त्यांचे धाकटे भाऊ ऑ जे-सून यांच्यासाठी. भाऊ सैनिक नव्हता. लढाई होणार हे कळल्यावर तो आपण होऊन इथं आला आणि राहिला. समोरच्या उतारावर गवतानं झाकलेले सात उंचवटे दिसतील. ज्यांची ओळख पटली नाही अशा 51 जणांना या सात थडग्यांत एकत्र पुरलं आहे. वर नावं नाहीत, फक्त कापलेलं गवत. कोरियन कुटुंबं इथं थांबून वाकतात. तुम्हीही थांबा, हाक मारून बोलू नका आणि उंचवट्यांवर चढू नका. आम्ही गेलो तेव्हा बाबांनी चपला काढल्या. तशी इथं रीत नाही, पण जवळ उभ्या असलेल्या आजोबांनी बाबांकडे बघून मान तुकवली.

माथ्यावर सोनदोलमोक दोनदे. गोल तट, आत मोकळं अंगण. शेवटची हातघाई इथं झाली. त्या वेळी आरमाराबरोबर फेलिचे बेआतो नावाचा छायाचित्रकार होता. त्यानं टिपलेले या तटाचे फोटो आजही उपलब्ध आहेत. हाच बेआतो 1858 मध्ये लखनौला होता, उठावानंतरच्या भग्न इमारतींचे फोटो त्यानंच काढले. दोन्ही ठिकाणी तो जिंकणाऱ्यांच्या बाजूनं आला होता. किल्ल्यावरचा चार मीटरहून मोठा सेनापतीचा झेंडा अमेरिकी सैनिक घेऊन गेले. तो ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत होता आणि 2007 मध्ये उसनवारीच्या करारावर कोरियाला पाठवला गेला.

आता खाली उतरा, योंगदू दोनदेकडे. योंगदू म्हणजे ड्रॅगनचं डोकं. खडकाची चिंचोळी जीभ खाडीत शिरली आहे आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना बुटका तट घातला आहे. टोकाला जाऊन उभे राहा. तुम्ही वेळ साधली असेल तर पायाखाली पाणी उकळल्यासारखं दिसेल. भोवरे फुटतात, पुन्हा जुळतात आणि खडकाला घासून जाणाऱ्या प्रवाहाचा आवाज दगडातून तळपायाला जाणवतो.

या वळणाचं नाव सोनदोलमोक, सोनदोल नावाच्या नावाड्यावरून. मंगोलांपासून पळणारा राजा त्याच्या नावेत बसला होता. पुढं वाटच दिसेना, प्रवाह उलटा, तेव्हा नावाडी आपल्याला मरणाकडे नेतो आहे असं राजाला वाटलं आणि त्यानं त्याला मारण्याचा हुकूम दिला. मरताना सोनदोल म्हणाला, पाण्यावर भोपळा सोडा आणि तो जाईल तिकडे नाव न्या. तसं केलं आणि राजा सुखरूप पोचला. चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात, वीस तारखेच्या सुमाराला जो बोचरा वारा सुटतो, त्याला अजूनही सोनदोलचा वारा म्हणतात. ही दंतकथा आहे, पण पाणी बघितल्यावर ती का रचली गेली ते कळतं. याच वळणावर 1 जून 1871 ला अमेरिकी मोजणी-बोटींवर पहिल्या तोफा डागल्या गेल्या होत्या.

8. खाणं

शाकाहारी असाल तर डबा न्या. हे मी कळकळीनं सांगते. ठाण्यांच्या आसपास उपाहारगृहं थोडी आहेत आणि त्यांत मासे-मटणच जास्त. भाज्यांच्या दिसणाऱ्या पदार्थातही माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो, किमचीत तर हमखास. ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणजे मांस वगळून द्या. पण मासा हा मांसात धरला जात नाही, त्यामुळे एवढ्यानं भागत नाही. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती आम्ही दॉकजिनजिनच्या बाकावर खाल्ली.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. गांगह्वाची वाम प्रसिद्ध आहे, निखाऱ्यावर भाजून देतात. इथली खारवलेली बारीक कोळंबी सगळ्या कोरियात नावाजलेली आहे. आपल्या जवळ्याच्या जवळची, फक्त सुकवण्याऐवजी मिठात मुरवलेली. घरी न्यायचं असेल तर बेटावरचा जिनसेंग घ्या.

9. दुपारनंतर वेळ उरला तर

उरलाच तर एकच ठिकाण निवडा. माझी पसंती जॉनदुंगसा मंदिराला. हे बौद्ध मंदिर एका डोंगरी कोटाच्या आत आहे आणि चोजीजिनपासून टॅक्सीनं जवळ पडतं. 1866 मध्ये सेनापती यांग हॉन-सू यांनी याच कोटात फ्रेंचांना मागं परतवलं. पूर्व वेशीजवळ त्याचा विजयस्तंभ आहे. मुख्य मंदिर 1621 च्या सुमाराचं. लढाईला उभं राहण्याआधी सैनिकांनी देवळाच्या आतल्या लाकडावर शाईनं आपली नावं लिहिली, ती अंधुकशी दिसतात. बाहेर चपला काढूनच आत जा, आणि आत फोटो काढण्याआधी विचारा.

गाप्गोतचं युद्धसंग्रहालय आणि उत्तर टोकाचं शांतता-निरीक्षणगृह, जिथून पाण्यापलीकडचा उत्तर कोरिया दिसतो, ही दोन्ही बघण्यासारखी आहेत. पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. दोन्ही बेटाच्या उत्तर बाजूला आहेत, आणि पासपोर्टची तपासणी आणि बसच्या वेळा धरल्या तर अर्धा दिवस सहज जातो.

10. परतीची बस

ठाण्यांची दारं साधारण सहाला बंद होतात, हिवाळ्यात त्याआधीच निघा. ग्वांगसाँगबोच्या वाहनतळाजवळच्या थांब्यावर बस तासातासानं येते, कधी त्याहूनही उशिरा. तिकीट खिडकीवरच्या माणसाला पुढची वेळ विचारून मगच आत शिरा आणि फोनमध्ये गजर लावा. काकाओ टॅक्सीचं ॲप आधीच उतरवून ठेवा, पण संध्याकाळी या बाजूला टॅक्सी लवकर मिळत नाही. संध्याकाळच्या बसनं निघायचं असेल तर कार्डात किमान 10,000 वॉन शिल्लक असू द्या, कारण थांब्याजवळ भरायची सोय नाही.

आणि थांब्यावर बसून राहू नका. बस दिसली की रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवा. मी बाकावर बसून होते, चालकाला वाटलं की नुसतीच विसावली आहे, आणि तो पुढं निघून गेला.